चार गोळ्या उरल्यात, त्या आईला चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पत्नीला (वय ३४) लघवीची जळजळ सुरू झाली. देवगडच्या डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटोइन १०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस लिहून दिलं. तीन दिवसांत तिला पूर्ण बरं वाटलं आणि पाकिटात चार गोळ्या राहिल्या. पनवेलच्या वहिनींना याच त्रासावर पाण्यात विरघळवून घ्यायची एकच पुडी मिळाली होती. वडिलांना गेल्या वर्षी दोन आठवडे गोळ्या चालल्या. आणि आता कालपासून आईला (वय ६७, मधुमेह) जळजळ होतेय. एकाच आजाराला कुणी एक दिवस, कुणी पाच, कुणी चौदा दिवस औषध देतो, मग नेमका बरोबर कोण? आणि त्या चार गोळ्या आईला दिल्या तर डॉक्टरकडची एक खेप वाचेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. देऊ नका. त्या चार गोळ्या पत्नीच्याच आहेत, त्या तिनेच संपवायच्या. आईची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येते.

बाकी तिन्ही डॉक्टर बहुधा बरोबरच होते. मी कुणालाच तपासलेलं नाही, म्हणून ‘बहुधा’. पण गोंधळ डॉक्टरांमुळे झालेला नाही, ‘एकच आजार’ या शब्दांमुळे झालाय. आपल्याकडे जळजळ म्हटलं की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, आणि अंगातली उष्णता वाढली असं धरून धण्याजिऱ्याचं पाणी, सब्जा, कोकम सुरू होतं. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं दवाखाना चालवते. ‘डॉक्टरांनू, लघवीक जळजळता’ हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा जात नाही. पण हे वाक्य म्हणणाऱ्या दहा जणींच्या आत चाललेलं एकसारखं नसतं. जंतू बहुतेक वेळा तोच असतो, आपल्याच आतड्यात राहणारा ई. कोलाय. प्रश्न त्याचा मुक्काम कुठे पडलाय याचा. मूत्राशयात, वर मूत्रपिंडात, की पुरुषांच्या बाबतीत प्रोस्टेट ग्रंथीत? गोळी कुठली, किती आणि किती दिवस, हे सगळं त्या मुक्कामावर ठरतं. आजार ‘जोरात’ आहे म्हणून दिवस वाढवले, ‘हलका’ आहे म्हणून कमी केले, असा हा हिशोब नसतो.

पत्नीचं उदाहरण घेऊ. तरुण बाई, गरोदर नाही, ताप नाही, थंडी वाजत नाही, कमरेच्या वर पाठीत दुखत नाही, उलटी नाही. फक्त जळजळ, सारखं लघवीला लागणं, ओटीपोटात दुखणं. म्हणजे संसर्ग मूत्राशयाच्या पिशवीत आहे. या पिशवीत औषध पोचवणं सोपं, कारण मूत्रपिंड स्वतःच ते गाळून लघवीत आणून ओततं. नायट्रोफ्युरँटोइनची तर गंमतच आहे. रक्तात ते तासभरही नीट टिकत नाही, पण लघवीत भरपूर साठतं. म्हणजे जिथे जंतू आहेत तिथे दणका आणि बाकी शरीराला, आतड्यातल्या उपयोगी जंतूंना त्रास कमी. इतकी वर्षं वापरात असूनही ई. कोलाय त्याला फारसा सरावलेला नाही. उलट सिप्रोफ्लॉक्सासिन आपण इतकं वाटलंय की आता ते अनेकदा लागूच पडत नाही. म्हणून साध्या मूत्राशयदाहात माझं पहिलं औषध हेच असतं: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस.

यात एक खाच आहे. ‘दिवसातून दोनदा’ हे हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचं वेळापत्रक. आपल्याकडे अशा गोळीच्या नावापुढे बहुधा ‘एसआर’ असतं. साधी, लगेच विरघळणारी गोळी असेल तर दिवसभराची तीच एकूण मात्रा चार वेळा विभागून द्यावी लागते. केमिस्टने ‘हीच आहे, कंपनी दुसरी’ म्हणून साधी गोळी दिली आणि तुम्ही ती दोनदाच घेतली, तर मधल्या काही तासांत लघवीत औषध जवळजवळ नसतंच. घरी नेण्याआधी पाकिटावरची अक्षरं वाचा.

‘सकाळ-संध्याकाळ’चा अर्थही सांगून ठेवते, कारण इथे बरेच जण चुकतात. सकाळी नऊला न्याहारीनंतर आणि दुपारी चारला चहाबरोबर, असं घेणारे मी पाहिलेत. का, तर ‘रात्री गोळी विसरते’. बारा तासांचं अंतर हवं. सकाळी आठला पेजेबरोबर, रात्री आठला जेवणाबरोबर. आणि पोटात अन्न असतानाच. त्याने मळमळ कमी होते आणि गोळी अंगी जास्त लागते. एखादी चुकली तर आठवताच घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, पण दोन एकदम घेऊ नका. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी झाली तर घाबरू नका, तो या औषधाचाच रंग. आमच्याकडे एक बाई या रंगाला कावीळ समजून थेट मंतरलेलं पाणी घ्यायला गेल्या होत्या.

मग तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय तर थांबायचं का नाही? इथे मला तुमच्याशी थोडं प्रामाणिक राहावं लागेल. ‘कोर्स पुरा केला नाही तर जंतू बंडखोर होतात’ असं आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलो, पण ते सरसकट खरं नाही. जास्त दिवस औषध घेतल्याने आतड्यातले जंतू उलट जास्त सरावतात, हे आता बऱ्यापैकी मान्य झालंय. आठवड्याचे सात दिवस हा पंचांगाचा हिशोब, जंतूंना वार कळत नाही. म्हणूनच गेल्या काही दशकांत संशोधक एकेका आजारात विचारू लागले, की कमीत कमी किती दिवसांत काम होतं? साध्या मूत्राशयदाहात नायट्रोफ्युरँटोइनचं उत्तर आलं पाच दिवस. म्हणजे पाच हा लांबवलेला आकडा नव्हे, आधीच कापून आणलेला आहे. त्यातून अजून दोन कापले तर जळजळ जाते पण पिशवीच्या अस्तराला चिकटलेले जंतू राहतात आणि दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा. चार गोळ्या म्हणजे दोनच दिवस, संपवायला सांगा. आणि पाच दिवसांनंतर ‘खात्रीसाठी’ अजून पाच घेऊ नका. त्रास गेला असेल तर लघवी पुन्हा तपासायचीही गरज नाही.

वहिनींची पुडी म्हणजे फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅम. लोकांना ती जादूची पुडी वाटते, एका घोटात काम. पण एकदाच घेतलेली ती मात्रा लघवीत दोन-तीन दिवस टिकून असते. म्हणजे उपचार खरं तर तीन दिवसांचाच, घोट फक्त एक. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जळजळ आहे म्हणून ‘पुडी लागू पडली नाही’ असं म्हणायची घाई नको, तीन दिवस वाट पाहा. अर्धा पेला साध्या पाण्यात विरघळवायची, गरम पाण्यात नाही. मी रात्री जेवणानंतर दोन-तीन तासांनी, लघवीला जाऊन आल्यावर, झोपण्यापूर्वी घ्यायला सांगते. रात्रभर पिशवी रिकामी होत नाही, औषधाला निवांत वेळ मिळतो.

दोन्हींची समोरासमोर तुलनाही झालीय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेहून थोड्या जास्त स्त्रियांपैकी निम्म्यांना नायट्रोफ्युरँटोइन पाच दिवस (तिथे दिवसातून तीनदा) आणि निम्म्यांना फॉस्फोमायसिनची एक मात्रा दिली. अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण बऱ्या झालेल्या पहिल्या गटात ७० टक्के होत्या, दुसऱ्यात ५८. म्हणून घरी बसून पाच दिवस गोळ्या नीट घेणारी बाई असेल तर मी गोळ्याच देते. पण गणपतीला मुंबईहून निघालेली, वाटेत तेरा तास गाडीत अडकून लघवी दाबून ठेवलेली आणि परवा पुन्हा परत जाणारी चाकरमानी बाई समोर आली, तर तिला पुडी. कारण पाच दिवस वेळेवर गोळी घ्यायचं वचन ती देईल, पाळणार नाही. उपचारांच्या पुस्तकात ‘रुग्णाचा स्वभाव’ असा रकाना नसतो, दवाखान्यात तो रोज भरावा लागतो.

तिसरं जुनं औषध कोट्रायमॉक्सॅझोल, मोठी गोळी दोनदा, तीन दिवस. स्वस्त आहे, आणि जंतूला लागू असेल तर उत्तम. पण आपल्याकडे पुष्कळ जंतू त्याला दाद देत नाहीत, त्यामुळे मी ते कल्चरचा (लघवीतले जंतू प्रयोगशाळेत वाढवून कुठलं औषध लागू पडतं ते पाहण्याचा) रिपोर्ट हातात असल्याशिवाय देत नाही. शिवाय रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर त्याने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. अशा माणसाने उन्हाळीवर उपाय म्हणून रोज तीन-तीन शहाळी प्यायली तर भरच पडते, कारण शहाळ्यातही पोटॅशियम असतं. कोकणात हे सांगावंच लागतं.

आणि सेफिक्झिम? ‘दोनशेची दोनदा, पाच दिवस’ ही चिठ्ठी तुम्हाला जागोजागी दिसेल. ते वाईट औषध नाही, पण साध्या मूत्राशयदाहात सेफॅलोस्पोरिन औषधांची ही जात जरा कमीच पडते, आतड्यातल्या जंतूंवर मात्र नाहक मारा होतो. २०१४ पासून हे औषध सरकारच्या ‘एच वन’ यादीत आहे. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विकलं की नोंदवहीत रुग्णाचं नाव लिहायचं. नियम आहे, बाजारपेठेतला व्यवहार तुम्ही जाणताच. पाकिटावर उभी लाल रेघ दिसली, तर ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तोंडात टाकायची नाही, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आता वडिलांचे दोन आठवडे. पुरुषाला, त्यातही सत्तरीच्या, लघवीचा संसर्ग झाला तर मनात पहिली शंका प्रोस्टेटची येते. त्या ग्रंथीत औषध शिरणं अवघड. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिनच्या एका मात्रेवर तिथे भरवसा ठेवता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी ही चूक स्वतः केली. साठीच्या एका मासेमारी करणाऱ्या गृहस्थांना जळजळ होत होती, ताप नव्हता, मी बायकांना द्यायचे तेच पाच दिवस दिले. चार दिवस बरे गेले. नवव्या दिवशी हुडहुडी भरून, कांबळं गुंडाळून, मुलाच्या खांद्याला धरून आले. ‘गोळये तर सगळे खाल्लय, माझा काय चुकला?’ त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. औषध लघवीत पोचत होतं आणि जंतू ग्रंथीत बसले होते. मग कल्चर, इंजेक्शनं आणि त्यानंतर जवळपास चार आठवडे गोळ्या. तेव्हापासून पुरुषाच्या लघवीचा नमुना कल्चरला पाठवल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही. ताप नसेल आणि प्रोस्टेटचा संशय नसेल तर पुरुषांनाही सात दिवस पुरतात, चौदा दिले तरी जास्त काही हाती लागत नाही, हे आता दिसून आलंय. पण ग्रंथीलाच सूज असेल तर दोन ते चार आठवडे, आणि जुनाट असेल तर त्याहूनही जास्त. वडिलांना चौदा दिवस दिले त्या डॉक्टरांनी तपासून काहीतरी पाहिलं असणार.

मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गाबद्दल थोडं, कारण आईच्या बाबतीत तुम्हाला ते ओळखता यायला हवं. ताप, हुडहुडी, बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या. हा पिशवीचा आजार नाही. इथे औषध मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तातही पोचायला हवं, म्हणून नायट्रोफ्युरँटोइन इथेही बाद. पुस्तकात सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० दोनदा सात दिवस, किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ७५० एकदा पाच दिवस असं लिहिलेलं सापडेल. जंतू त्यांना दाद देत असेल तर ते खरंही आहे. पण आपल्याकडे ते गृहीत धरून चालत नाही. मी कल्चरचा नमुना घेऊन सेफ्ट्रिॲक्सोनचं किंवा अमिकासिनचं इंजेक्शन सुरू करते, आणि रिपोर्ट आला की त्यातल्या लागू पडणाऱ्या गोळीवर आणते. एकूण सात ते चौदा दिवस. दिवस मोजायचे ते जंतूला खरोखर लागू पडलेल्या पहिल्या मात्रेपासून. आधी तीन दिवस चुकीची गोळी चालली असेल तर ते तीन दिवस हिशोबात नाहीत. दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर सोनोग्राफी. मूतखडा अडकलाय किंवा पू साठलाय हे गोळ्या वाढवून सुटत नाही.

अमिकासिन दिवसातून एकदाच आणि सेफॅलोस्पोरिनच्या गोळ्या मात्र दोनदा-तीनदा का, असं एका नर्सने मला विचारलं होतं. काही औषधं उंच लाटेसारखी काम करतात. एकदा जोरात वर गेली की जंतू लोळवून जातात, ओसरल्यावरही परिणाम मागे राहतो. काही औषधं भरतीच्या पाण्यासारखी. पातळी ठरावीक रेषेच्या वर जितके तास टिकेल तितकं काम, रेषेखाली आली की जंतू पुन्हा वाढायला मोकळे. अमिकासिन पहिल्या जातीचं, पेनिसिलीन-सेफॅलोस्पोरिन दुसऱ्या. म्हणून दुसऱ्या जातीत वेळ चुकवणं जास्त महागात पडतं.

सिप्रोफ्लॉक्सासिनबद्दल आणखी एक. दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पांढरं औषध यांच्याबरोबर घेतलं तर ते पोटातच अडकून बसतं, रक्तात पुरेसं येत नाही. दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली आणू शकतं. स्नायुबंध दुखावतात, विशेषतः टाचेमागचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली स्पष्टच सांगितलं, की दुसरा पर्याय असेल तर साध्या मूत्रसंसर्गात ही जात वापरू नका. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. क्षयरोगावरही ही जात थोडा काळ परिणाम करते, खोकल्याच्या रुग्णात खरं निदान झाकून टाकते.

आता आई. वय ६७, मधुमेह. मला सर्वांत आधी विचारायचंय, ताप आहे का, साखर किती, आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठीची रक्ततपासणी) कधी तपासलंय? वयस्क बाईच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन १.१ लिहिलेलं असतं, शेजारी ‘नॉर्मल’ असतं आणि सगळे निर्धास्त. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि ६७ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या बाईत स्नायू किती असणार? वय-वजन धरून गणित केलं तर अशा बाईच्या मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला जेमतेम ३५ मिलिलिटर भरते. तरुणपणी ती शंभराच्या आसपास असते. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत येतं ते मूत्रपिंडाच्या जोरावर. मूत्रपिंड मंद असेल तर लघवीत औषध कमी, जंतू मरत नाहीत, आणि रक्तात ते साचून हातापायांच्या नसांना त्रास. ही क्षमता ३० च्या खाली असेल तर ते द्यायचंच नाही, ३० ते ४५ मध्ये खूप विचार करून. तुमच्या उरलेल्या चार गोळ्यांचं काय होईल हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. दोन दिवसांचा अर्धवट मारा, कदाचित लघवीत न पोचणारा, आणि त्यानंतर कल्चर पाठवलं तर जंतू अर्धमेले, रिपोर्टमध्ये ‘वाढ नाही’. पुढचा डॉक्टर अंधारात.

म्हणून आईचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी. सकाळी धुऊन-पुसून, पहिली धार सोडून मधली लघवी, प्रयोगशाळेच्या निर्जंतुक डबीत. चटणीची रिकामी बाटली चालत नाही, कितीही घासलेली असली तरी. दोन तासांत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा, तेही एक दिवसाच्या आतच. आमच्याकडे पूर्वी नमुने एसटीच्या कंडक्टरकडे देऊन पाठवत. दुपारच्या उन्हात तीन तास डबी फिरायची आणि रिपोर्ट यायचा ‘तीन प्रकारचे जंतू’. तो आजार नव्हे, वाटेत वाढलेलं पीक. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. आईला फार त्रास असेल तर नमुना दिल्यावर डॉक्टर अंदाजाने एक औषध सुरू करतील, रिपोर्ट आल्यावर बदलतील. यात डॉक्टरला काही येत नाही असं नाही, पद्धतच ती आहे. मधुमेह आटोक्यात असेल, ताप नसेल, तर मी अशा बाईला साधारण सात दिवस देते.

आणखी एक शक्यता, जी आईने मुलाला सांगितलेली नसेल. पाळी गेल्यानंतर योनीमार्गाचं अस्तर कोरडं होतं, त्यानेही लघवीला जळजळतं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यांनी बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि जळजळ होते. दोन्हींत अँटिबायोटिकचा उपयोग शून्य, बुरशीत तर ती वाढतेच. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. एका पावसाळ्यात तीन ठिकाणी तीन कोर्स झाले होते, प्रत्येक वेळी लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स’ (पू-पेशी) दिसायचे आणि नवं औषध सुरू व्हायचं. कुणी तपासलं नव्हतं. कोरडेपणावरच्या हार्मोनच्या मलमाने त्यांचं काम झालं. ते मलम वारंवार होणारा संसर्गही कमी करतं. पत्नीला विचारायला सांगा, तिच्याशी आई बोलतील.

उलटंही लक्षात ठेवा. आईला काही त्रास नसताना कुणी सहज लघवी तपासली आणि जंतू सापडले, तर औषध द्यायचं नसतं. वयस्क बायकांत, मधुमेहात तर जास्तच, जंतू असे निवांत राहतात आणि त्रास देत नाहीत. अपवाद दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेली व्यक्ती. गरोदरपणात मात्र त्रास नसला तरी उपचार हवाच, आणि औषधंही निराळी. सिप्रोफ्लॉक्सासिन नाही, पहिल्या तीन महिन्यांत कोट्रायमॉक्सॅझोल नाही, अगदी दिवस भरत आल्यावर नायट्रोफ्युरँटोइन नाही.

लघवी ‘थंड’ करणारं गोड सिरप घरोघरी असतं, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याही घरी असेल म्हणून सांगते. ते लघवीचा आंबटपणा घालवतं, जळजळ जरा कमी वाटते. पण नायट्रोफ्युरँटोइन आंबट लघवीतच चांगलं चालतं. दोन्ही एकत्र घेतली तर एक पाय पुढे, एक मागे. काही ॲसिडिटीच्या औषधांनी तर ही गोळी आतड्यातच अडते. मी नायट्रोफ्युरँटोइनबरोबर सिरप देत नाही, दोन दिवस पॅरासिटामॉल देते. कोकम सरबत, धण्याचं पाणी, पेज जरूर प्या, ते पाणीच आहे. पाण्याचा फायदा खराच आहे: दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या, वारंवार त्रास होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर वाढवलं तर वर्षातली दुखणी सरासरी तीनवरून दीडच्या आसपास आली, असा एक चांगला अभ्यास आहे. आमच्या लावणीच्या बायका सकाळी शेतात उतरल्या की दुपारपर्यंत पाणी टाळतात, कारण आडोसा नाही. त्यांना ‘पाणी प्या’ सांगून काय होणार, आडोसा कोण देणार? हे मी त्यांना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी स्वतःलाच ऐकू येतं.

पावसाळ्यात एक सावधगिरी. भातशेतीत काम करणाऱ्याला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, लघवी गडद आणि कमी, असं असेल तर ते लघवीचं इन्फेक्शन समजून गोळी घेऊ नका. लेप्टोस्पायरोसिस आपल्या जिल्ह्यात ठाण मांडून बसलाय. त्याचं औषध वेगळं आणि उशीर जिवावर बेततो.

तेव्हा सोमवारी आईला डॉक्टरकडे नेईपर्यंत असं करा. पत्नी तिच्या चार गोळ्या दोन दिवसांत संपवेल. आईला ताप, हुडहुडी, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं किंवा लघवी फारच कमी झाली, तर सोमवारची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय. नाहीतर सोमवारी सकाळी नमुना घेऊन जा. बरोबर शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, साखरेची वही, आणि आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या. रक्तदाबाची कुठली, मधुमेहाची कुठली, हे नावानिशी दिसू द्या. पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं का, ते आईलाच विचारून लिहून न्या. आणि गेल्या सहा महिन्यांत घरातलं कुठलंही उरलेलं अँटिबायोटिक तिने घेतलं असेल तर तेही सांगा. ओरडा पडेल, पण डॉक्टरला त्याने औषध निवडणं सोपं जातं.